पेटीतली रिकामी खाच

परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी करणारं पोर कधीच इकडेतिकडे बघत नाही. इकडेतिकडे बघतात ती बिचारी, ज्यांना काही येत नसतं आणि ज्यांच्याकडे चिठ्ठीही नसते. चिठ्ठीवालं पोर सरळ समोर फळ्याकडे बघतं, चेहरा अगदी सज्जन करून. माझी सगळी नोकरी शाळेत गेली आणि त्यातली बरीचशी बाकांच्या मधल्या वाटेत फेऱ्या मारण्यात. त्यामुळे "तुला मेलीला सगळीकडे संशयच" असं घरचे म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. घेते मी संशय. आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो, हे मात्र कुणी म्हणत नाही.

तर त्या रविवारी सकाळी गाडीत बसतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मागच्या सीटवर वन्सं बसल्या होत्या. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. पर्स मांडीवर, डोक्याला रुमाल बांधलेला, पायात चक्क कॅनव्हासचे बूट. ग्लायडिंग क्लबला त्या आजवर एकदाही आल्या नव्हत्या. "उन्हात बसून दुसऱ्याचं उडणं काय बघायचं?" असं त्यांचं मत होतं आणि ते त्या दर सणासमारंभाला ऐकवत.

"वन्सं, आज इकडे कुठे?" मी विचारलं.

"सहजच गं. हा म्हणाला, चल ताई, हवा छान आहे."

वन्सं सहज म्हणून भाजी आणायलाही जात नाहीत. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सरळ समोर बघत होते. आता गाडी चालवणारा माणूस समोरच बघणार, म्हणून मी ते तिथेच सोडून दिलं.

ग्लायडरचं वेड मूळचं ह्यांचं. कितीतरी वर्षं झाली त्याला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या एका टोकाला ते उभं करायचं, दुसऱ्या टोकाला विंच असतं, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ. ते लांबलचक तार गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर खेचलं जातं. मग तार सोडायची आणि हवेच्या जिवावर तरंगत राहायचं. हे शिकायला लागले तेव्हा घरात जेवतानाही ताटावरून हात फिरवून वळणं घेऊन दाखवायचे. पुढे ते कमी झालं. उतरताना ह्यांचा हात आखडायचा, जमीन जवळ आली की हे सुकाणूचा दांडा घट्ट धरून बसायचे आणि मागच्या सीटवर बसून शिकवणारे सर प्रत्येक वेळी "सोडा, मी घेतो" म्हणायचे. शेवटी ह्यांनी पाठदुखीचं कारण काढलं आणि जमिनीवरची कामं धरली. ग्लायडर ढकलणं, तार जोडणं, पंख धरणं. "आपल्याला खालीच बरं वाटतं," असं सगळ्यांना हसून सांगायचे. मी कधी त्यात बोट घातलं नाही.

मी तिथे जायला लागले ती डबे घेऊन. एकदा सर म्हणाले, बाई, नुसते डबेच वाहणार की बसणार? बसले. वर गेल्यावर असं काही हलकं वाटलं की उतरल्यावर मी सरांना विचारलं, परत कधी? तेव्हापासून मी शिकत होते आणि आता वेळ आली होती ती एकटीने उडायची.

ही गोष्ट आमच्याकडे कुणी आधी सांगत नाही. तशी पद्धतच आहे. शिकणाऱ्याने रात्रभर जागून काळजी करू नये म्हणून सर एक दिवस नेहमीसारखे मागे बसतात, एक फेरी मारतात आणि खाली आल्यावर पट्टा सोडून म्हणतात, आता तुम्ही जा. सांगायचं नाही असं ठरलेलं असतं, पण बघणाऱ्याला दिसतं. मागच्या रविवारी सर तिन्ही फेऱ्यांत एक शब्द बोलले नव्हते. मी समजून चुकले होते. आणि आज नाही तर मग कधी, हाही प्रश्नच होता. पुढच्या आठवड्यापासून मैदान ओल धरतं, क्लब बंद होतो तो थेट पुढच्या मोसमात उघडतो. सर मोसम संपला की मुलीकडे राहायला जाणार होते, कायमचे. नवीन माणूस येणार आणि नवा माणूस माझ्या वयाच्या बाईला पहिल्यापासून शिकवायला घेणार. माझा गुडघा तोवर कॉकपिटमध्ये दुमडेल की नाही याचीही मला खात्री नव्हती. मला आजच उडायचं होतं. इतकं काही हवंसं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

पोचलो तेव्हा दोन सीटचं ग्लायडर हँगरबाहेर काढलेलं होतं. त्याच्या शेपटीवरचा आडवा पंख तपासणीसाठी उतरवला होता, तो परत बसवायचा होता. आम्ही चौघांनी तो चढवला. एका बाजूला मी आणि दातवाले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला हे, आणि शिडीवर घड्याळजी. दातवाले डॉक्टर माझ्याबरोबरचे विद्यार्थी, खरं तर माझ्या आधीचे. घड्याळजींचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि क्लबाची हत्यारपेटी त्यांच्या ताब्यात असते. बोटाएवढी वाकडी किल्ली घेऊन त्यांनी बोल्ट आवळला, "झालं" म्हणाले, शिडीवरून उतरले. वन्सं खुर्चीवर बसून सगळ्यांकडे तोंडी परीक्षा घ्यायला आल्यासारख्या बघत होत्या.

मग घड्याळजी पेटी बंद करायला गेले आणि तिथेच थांबले.

त्या पेटीत स्पंजची गादी आहे आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली आहे. सगळ्या खाचा भरलेल्या होत्या. एक वाकडी, बोटाएवढी खाच रिकामी होती.

"किल्ली कुणाकडे आहे?" घड्याळजी म्हणाले.

कुणाकडेच नव्हती. घड्याळजी म्हणत होते की त्यांनी ती उतरताना खाली दिली. कुणाला दिली, ते आठवत नव्हतं. एक हात वर आला आणि त्यांनी त्यात ठेवली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, माझा नव्हता. हे म्हणाले, मी तर पंख धरून होतो. मी म्हणाले, मीही.

सर आले. सरांच्या डोक्यावर बारा महिने एक विटकी टोपी असते आणि ती ते फक्त वाईट बातमी सांगताना काढतात. त्यांनी टोपी काढली.

"किल्ली मिळेपर्यंत हे ग्लायडर उडणार नाही."

"अहो, पण दुसरी किल्ली असेल ना कुणाकडे?" वन्सं म्हणाल्या. "एका किल्लीसाठी एवढं मोठं विमान अडवून ठेवायचं?"

"दुसरी आहे माझ्या गाडीत," घड्याळजी म्हणाले. "प्रश्न पहिलीचा आहे ताई. ती शेपटीच्या आत पडली असेल तर? आतून दांडे जातात. वर गेल्यावर ती घरंगळली आणि दांड्याच्या सांध्यात जाऊन बसली, की शेपूट हलायची बंद. मग काय करणार?"

वन्संनी पर्स छातीशी धरली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेपूट बंद पडेल म्हणून नव्हे. आजचा दिवस गेला म्हणून.

दुसऱ्या किल्लीने पंख परत उतरवला. बॅटरी आणि आरसा घालून आत बघितलं. शेपूट उचलून हलवली, कान लावले. काही वाजलं नाही, पण खालच्या कप्प्यापर्यंत नजर पोचत नव्हती, आणि न वाजणं म्हणजे नसणं नव्हे असं सर म्हणाले. मग सगळ्यांनी ओळ करून गवत पिंजून काढलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाकून वाकून. गवतात एक जुनं बटण सापडलं, एक बाटलीचं झाकण, आणि डॉक्टरांची मागच्या मोसमात हरवलेली पेनाची क्लिप. किल्ली नाही.

आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. वस्तू हरवते तेव्हा ती पडलेल्या जागेच्या आसपास असते. ही तिथे नव्हती. म्हणजे पडली नव्हती. म्हणजे कुणीतरी घेतली होती.

पहिला संशय डॉक्टरांवर. हा माणूस माझ्या आधी शिकायला लागला आणि सर अजून त्याच्या मागच्या सीटवरून उतरलेले नव्हते. गवत शोधताना तो माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो बाई. आज नाही तर पुढच्या मोसमात. घाई काय आहे?"

"तुम्हाला नाही घाई," मी म्हणाले.

"माझं सोडा. माझी बायको म्हणते, तू एकटा वर गेलास तर मी माहेरी जाईन." तो हसला. "कधीकधी वाटतं, त्यासाठी तरी जावं."

डॉक्टर विनोद करत होता, पण त्याचे हात पूर्ण वेळ गवतात होते आणि गुडघे हिरवे झाले होते. ज्याने लपवली तो इतकं घासून शोधत नाही. त्याचं नाव मी खोडलं नाही, खाली ढकललं.

दुसरा संशय घड्याळजींवर. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्या हातून हत्यार हरवलं होतं आणि ते घड्याळ दुरुस्त करणारे, ज्यांच्या टेबलावरचा मोहरीएवढा स्क्रूही हरवत नाही. सर त्यांना म्हणाले, "चूक झाली तर झाली. इथे चूक सांगणाऱ्याला कुणी रागावत नाही." हा क्लबाचा नियमच आहे. चूक सांगितली की विषय संपला. लपवली की मात्र माणसाला फाटक दाखवतात, आणि असं एकदोघांच्या बाबतीत झालेलं आहे. घड्याळजी मान हलवत राहिले, "मी दिली हो, मी हातात दिली."

मला सरांचाही संशय आला, हे सांगायला लाज वाटते. म्हटलं, यांनाच तर धीर होत नसेल? मला सोडायचं नाही आणि नाही म्हणायचंही नाही, म्हणून? पण सरांना नाही म्हणायला किल्ली लागत नाही. ते तोंडावर नाही म्हणतात.

उरल्या वन्सं.

इतक्या वर्षांत कधी न आलेली बाई नेमकी आज येते. पर्स घेऊन शिडीजवळ बसते. आणि ती पर्स एक क्षणही खाली ठेवत नाही. शिवाय मी शिकायला लागले तेव्हा "आता या वयात हे चाळे" असं वन्संच म्हणाल्या होत्या, माझ्या तोंडावर, चहा पिता पिता. माझा संशय चांगलाच बळावला.

दरम्यान एक सीटचं लहान ग्लायडर तेवढं उडत होतं. क्लबातली औषधवाली, म्हणजे औषधांचं दुकान चालवणारी बाई, ते घेऊन गेली होती आणि वर ढगांखाली गोल गोल घिरट्या घालत होती. रेडिओवर तिचा आवाज आला, "आज वर काय मस्त आहे, सांगू!" मी मान वर करून बघितलं आणि मला रडू आलं. राग येऊन रडू येतं तसं.

जेवायची वेळ झाली. हँगरच्या सावलीत टेबलं मांडली. सँडविच, उकडलेली अंडी, थर्मासमधला चहा, कुणीतरी आणलेला केक. एरवी इथे गप्पांना ऊत येतो. कोण किती उंच गेलं, कोण कुठल्या शेतात उतरलं आणि कुणाला मेंढ्यांनी घेरलं. आज सगळे हळू आवाजात बोलत होते आणि मी जवळ गेले की थांबत होते. मी वन्संच्या शेजारी खुर्ची ओढली.

"वन्सं, रुमाल आहे का तुमच्याकडे?" मी म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पर्समध्ये हात घातला. चष्मा. गोळ्यांची डबी. कंगवा. किल्ल्यांचा जुडगा, पण तो घराचा. तळाशी काहीतरी वाकडं, धातूचं लागलं. ओढून काढलं तर सुपारी कातरायचा अडकित्ता.

"काय शोधतेस?" वन्सं म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

"रुमाल."

"रुमाल माझ्या डोक्याला आहे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. तोंड असं झालं त्यांचं की मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. "मी घेतली किल्ली? मी? अगं, मी तुझ्यासाठी आले इथे!"

"माझ्यासाठी?"

"त्याने काल फोन केला. म्हणाला, ताई, उद्या ती एकटी उडणार आहे. तिला माहीत नाही, सरांनी मला सांगितलंय, घरच्या माणसाला सांगतात म्हणे. म्हणाला, तू ये. मला एकट्याला ते बघवणार नाही." वन्संचे डोळे भरून आले. "मला वाटलं, लहान भाऊ बोलावतोय, जावं. आणि मला तुला बघायचंही होतं. चाळे म्हटलं होतं मी, ठाऊक आहे मला. म्हणूनच आले."

मी त्यांचा हात धरला. माफ करा म्हणाले. त्यांनी केलं की नाही कळलं नाही, पण हात सोडवून घेतला नाही.

*मला एकट्याला ते बघवणार नाही.*

मी मान वळवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. आमचे हे सँडविच खात होते. दुसरं. शेजारी अंड्याची टरफलं पडली होती. चहाचा घोट घेऊन हे घड्याळजींना म्हणाले, "चहा झकास झालाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी फक्त बायकोला माहीत असते. आमच्या घरी नेलकटर जरी हरवलं तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. ताटावरून उठतात, कप्पे उपसतात, गाद्या उलटतात, मला तीनतीनदा विचारतात. कात्री हरवली होती तेव्हा हे रात्रभर जागे होते, आणि ती सापडल्यावरच भात मागितला. आणि आज ज्या किल्लीसाठी सगळा क्लब पालथा घातला होता, जिच्यामुळे बायकोचा दिवस बुडत होता, ती सापडलेली नसताना हा माणूस दुसरं सँडविच खात होता. नजर सरळ समोर. चेहरा अगदी सज्जन.

मी उठले. "जरा इकडे या," म्हणाले आणि हँगरच्या मागे गेले, जिथे जुनी चाकं आणि मोडका पंख टाकलेला असतो. हे आले. सँडविच हातातच होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये मी कधी आरोप करत नाही. आरोप केला की पोर खोटं बोलायला लागतं. मी फक्त हात पुढे करते. तसाच केला.

"काढा."

"काय काढू? अगं..."

मी हात तसाच ठेवला. ह्यांनी सँडविच चाकावर ठेवलं, खाली वाकले आणि डाव्या मोज्यातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. किल्ली गरम झाली होती.

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्यात मी ह्यांच्यावर नको तेवढे संशय घेतले असतील, ऑफिसातल्या बाईपासून साखरेच्या डब्यापर्यंत. पण हा संशय खरा ठरावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी त्या मोडक्या पंखावर बसले.

"का?"

"भीती वाटली."

"कसली?"

"तू पडशील याची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुला जाऊ नको म्हणायची सोय नाही, तू ऐकणार नाहीस. म्हटलं, असा अडथळा आणू की कुणाच्या जिवाला धोका नाही. किल्ली नसली की सर उडवतच नाहीत. एवढा दिवस गेला की क्लब बंद."

हे खरं होतं. पण मी चिठ्ठ्या पकडलेल्या आहेत. पहिली चिठ्ठी पोर लवकर देतं, ते दुसरी वाचवण्यासाठी.

"आणखी एक आहे. तीही काढा."

"एकच किल्ली होती गं!"

"किल्लीचं नाही म्हणत मी."

हे बुटाने माती उकरायला लागले. वर औषधवालीचं ग्लायडर शीळ घातल्यासारखा आवाज करत उतरायला आलं आणि हँगरवरून गेलं. हे त्याच्याकडे बघत राहिले.

"आणि तू पडणार नाहीस याची," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे वळले.

"तू वर जाशील, मस्त फिरशील आणि छान उतरशील याची. इतकी वर्षं मी इथे पंख धरतोय. सर माझ्या मागून एकदाही उतरले नाहीत. एकदाही. आणि तू डबे घेऊन आलेलीस." आवाज फुटला ह्यांचा. "मला नाही सहन झालं. आता काय म्हणायचं ते म्हण."

मला खूप राग आला होता आणि तितकीच कणवही आली होती. हे पुढे आले आणि हळूच म्हणाले, "गवतात टाक ना. तुला सापडली म्हण. तुझंही काम होईल, माझंही नाव राहील."

सोपं होतं. चार पावलं चालून वाकायचं, एवढंच. सरांनी विश्वास ठेवला असता. पण थोड्या वेळाने ज्या माणसाच्या शब्दावर मी एकटी वर जाणार, त्याला खोटं सांगून मला त्या सीटमध्ये बसवलं नसतं. आणि तिकडे घड्याळजी "मी हातात दिली" म्हणत मान हलवत बसले होते.

मी किल्ली ह्यांच्या हातात परत ठेवली. "तुम्ही सांगा."

"मला काढतील क्लबातून."

"हो. काढतील."

हे गेले. मी मागून गेले. टेबलापाशी उभे राहून ह्यांनी किल्ली मधोमध ठेवली आणि म्हणाले, "हरवली नव्हती. घड्याळजींनी माझ्याच हातात दिली होती. मी लपवली. ती आज उडू नये म्हणून."

डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. वन्सं "अरे वेड्या" एवढंच म्हणाल्या. घड्याळजींनी किल्ली उचलली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि पेटीकडे घेऊन गेले.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "विमानात आणखी कशाला हात लावलाय?"

"नाही सर. शपथ घेतो."

"शपथ ठेवा तुमच्याकडे." सरांनी घड्याळजींना हाक मारली, पंख चढवायला लावला आणि दोघांनी मिळून ग्लायडरचा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक सांधा पुन्हा तपासला. नाकापासून शेपटीपर्यंत. कुणी घाई केली नाही. मग सर ह्यांच्याकडे वळले. टोपी काढलेली होती. "तुम्ही क्लबात राहणार नाही. कुठल्याही विमानाला हात लावायचा नाही."

"सर," मी म्हणाले, "आज मला सोडणार असाल तर पंख ह्यांना धरू दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेही.

"बाई, तुमचा जीव आहे."

"माझाच आहे. म्हणूनच म्हणते."

सरांनी टोपी डोक्यावर ठेवली. "हात लावायचा नाही," ते ह्यांना म्हणाले, "उद्यापासून."

सरांनी मागे बसून एक फेरी मारली. काही बोलले नाहीत. खाली आल्यावर उतरले आणि मागच्या सीटचे पट्टे आवळून बांधले, सुटे राहून दांड्यात अडकू नयेत म्हणून. "मागे वजन नाही. लवकर उचलेल, दचकू नका. बाकी नेहमीसारखंच." काचेचं झाकण बंद झालं आणि बाहेरचे आवाज गेले.

ग्लायडरला पोटाखाली एकच मुख्य चाक असतं, म्हणून उभं असताना त्याचा एक पंख गवतावर टेकलेला असतो. तार जोडून झाली, पायलटने अंगठा दाखवला, की पंखाच्या टोकाशी उभा असलेला माणूस तो उचलून सपाट धरतो. तीच खूण. पंख उचलला गेला नाही तर विंच ओढत नाही, मग आत कुणीही बसलेलं असो.

तार जोडली. मी अंगठा वर केला आणि डावीकडे बघितलं.

हे पंखाच्या टोकाशी वाकले होते. दोन्ही हात पंखाखाली. उचलत नव्हते. वारा ह्यांचे उरलेसुरले केस उडवत होता. मागे सर उभे, डॉक्टर उभे, वन्संनी तोंडावर पर्स धरलेली. कुणी हाक मारली नाही. मला ह्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि तरी हे उचलतील की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. मी अंगठा तसाच वर धरून बसले. घाम पाठीवरून ओघळत होता.

मग ह्यांनी पंख उचलला.

तार ताणली, ग्लायडर हललं, हे बरोबर धावायला लागले. पाठ दुखते म्हणणारा माणूस पंखाला बोटं टेकवून धावत होता, मग बोटं सुटली आणि मी आकाशाकडे तोंड करून वर गेले. सर म्हणाले तसं लवकर उचललं. दचकले मी. तार सोडल्यावर सगळं शांत झालं आणि मी सवयीने मोठ्याने म्हणाले, "सर, डावीकडे वळते." मागून कुणी बोललं नाही. एकटीच हसले. मैदान खाली परकराच्या तुकड्याएवढं दिसत होतं. इतका आनंद झाला होता की मी ओरडले, अगदी वर्गातल्या पोरीसारखी. ऐकायला कोण होतं?

उतरताना जमीन वर यायला लागली, आणि जिथे ह्यांचे हात आखडत तिथे माझे आखडले नाहीत. चाक टेकलं, ग्लायडर गवतातून घरंगळत गेलं, थांबलं, आणि एक पंख हळूच खाली टेकला.

सगळ्यांत आधी हे पोचले. धापा टाकत, चेहरा पूर्ण ओला. झाकण ह्यांनीच उघडलं. मी पट्टा सोडला नाही. तशीच बसून विचारलं, "पहिली भीती गेली?"

"गेली."

"आणि दुसरी?"

हे पंखाला टेकले. दूरवरून बाकीचे टाळ्या वाजवत येत होते.

"ती आहे अजून," हे म्हणाले. "जाईल की नाही, माहीत नाही."

त्या अख्ख्या दिवसात मला कुणी सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, जिच्यावर मी जराही संशय घेतला नाही. मी हात पुढे केला, आणि ह्यांनी मला धरून बाहेर काढलं.